पाच मायक्रॉन म्हणजे नेमके किती?

पाण्याच्या फिल्टरची कॅन्डल मागितली की दुकानदार एवढंच विचारतो, "पाचची देऊ का एकची?" आकडा लहान तेवढा फिल्टर चांगला असं धरून बरेच जण एकची नेतात. मग थोड्याच दिवसांत नळाची धार बारीक होते आणि दोष मोटरला लागतो.

आकड्याआधी पाणी बघायला हवं. काचेची स्वच्छ बाटली भरून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी गाळ बसलेला दिसला, तर तो कार्ट्रिजने, म्हणजे याच कॅन्डलसारख्या बदलता येणाऱ्या गाळणीने, अडवता येईल. भरताना नितळ असलेलं बोअरचं पाणी सकाळी तांबूस झालं असेल, तर त्यात विरघळलेलं लोह आहे. हवेतला ऑक्सिजन लागला की त्याचा गंज होतो. विरघळलेलं असेपर्यंत हे लोह कार्ट्रिजमधून सरळ पार होतं आणि पुढे बाथरूमच्या फरशीवर डाग बनून उमटतं. आधी हवा किंवा क्लोरीन देऊन त्याचे कण करावे लागतात, मगच ते गाळता येतं. गीझरमध्ये खपली धरणाऱ्या क्षारांवर तर गाळणी कितीही बारीक घेतली तरी उपयोग नाही. तिथे रेझिनचा सॉफ्टनर किंवा आरओच लागतो.

आता आकडा. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो आणि ४० मायक्रॉनपेक्षा लहान कण नुसत्या डोळ्यांना सहसा सुटा दिसत नाही. ई. कोलाय हा जिवाणू जेमतेम दोन मायक्रॉन लांब असतो.

वेष्टणावर ५ मायक्रॉन छापलेलं असतं, पण त्या आकाराच्या शंभर कणांपैकी किती अडतात ते बहुतेक वेळा छापलेलं नसतं. खरी मेख इथे आहे. 'नॉमिनल' रेटिंगमध्ये मोजपट्टी ज्या त्या उत्पादकाची. एकाची पाचची कॅन्डल ८५ टक्के कण अडवेल, दुसऱ्याची ६० टक्के. 'अॅब्सोल्यूट' म्हटलं की जवळजवळ सगळेच अडले पाहिजेत. कारखान्यासाठी खरेदी करणारे म्हणून बीटा गुणोत्तर विचारतात: फिल्टरच्या आधी मोजलेले कण भागिले नंतर मोजलेले कण. बीटा १० असेल तर दहातला एक कण सुटतो. बीटा ५००० असेल तर पाच हजारांतला एक, म्हणजे कार्यक्षमता ९९.९८ टक्के.

हा फरक किती महाग पडू शकतो? १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी पसरला आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडले. त्याचं कवच चार ते सहा मायक्रॉनचं असतं आणि नेहमीच्या क्लोरीनला ते दाद देत नाही. अशा जंतूसाठी अॅब्सोल्यूट १ मायक्रॉनचा फिल्टर सुचवतात. नॉमिनल १ वर तिथे भिस्त ठेवता येत नाही.

घराघरांत दिसणारी पांढरी स्पन कॅन्डल पॉलिप्रॉपिलिनच्या बारीक तंतूंची असते. चांगली स्पन बाहेरून सैल आणि आत दांड्याकडे घट्ट होत जाते, त्यामुळे मोठे कण बाहेरच्या थरात आणि बारीक कण आतल्या थरात अडकतात. वापरलेली कॅन्डल फेकण्याआधी एकदा आडवी कापून बघा, फार काही कळतं. फक्त वरची साल तपकिरी आणि आत सगळं पांढरंशुभ्र असेल, तर तुमच्या पाण्याला ही कॅन्डल गरजेपेक्षा बारीक पडली. आतली जाडी फुकट गेली. तिच्याआधी २० मायक्रॉनची लावा, दोन्ही टिकतील. रंग थेट दांड्यापर्यंत पोचला असेल, तर बदलायला उशीर झाला किंवा जाळी भरड पडली. आणि फक्त टोकाशी तपकिरी ओघळ असेल, तर कॅन्डल हाऊसिंगमध्ये, म्हणजे तिच्या बाहेरच्या डब्यात, नीट बसलीच नव्हती, पाणी तिला वळसा घालून जात होतं. प्लंबर घाईत असला की हे हमखास होतं.

मायक्रॉनइतकाच आकारही महत्त्वाचा. अख्ख्या सोसायटीच्या लाइनवर दहा इंची बारीक कॅन्डल बसवणं म्हणजे लग्नाच्या पंगतीला एकच वाढपी. वीस इंची जंबो घेतली की दर चौरस सेंटिमीटरमागचा प्रवाह घटतो, आणि प्रवाह निम्मा झाला की आयुष्य बहुधा दुपटीहून जास्त वाढतं. घड्यांमुळे पृष्ठभाग वाढतो, म्हणून घडीची, म्हणजे प्लीटेड कार्ट्रिज याच कारणासाठी महाग असूनही परवडते.

कारखान्यातल्या आरओ प्लांटमध्ये मेम्ब्रेनच्या, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पातळ पडद्याच्या, आधी साधारण ५ मायक्रॉनची कार्ट्रिज असते. तिचं काम पाणी शुद्ध करणं नसून महागड्या मेम्ब्रेनची राखण करणं हे आहे. तिथे हाऊसिंगच्या दोन्ही बाजूंना प्रेशर गेज असतात. नव्या कार्ट्रिजवर दोन्हींतला फरक अगदी थोडा असतो. तो एक-दीड किलोवर (दर चौरस सेंटिमीटरला) गेला की कार्ट्रिज बदलायची, कॅलेंडर बघायचं नाही. जास्त ताणलं तर कॅन्डल चेपते आणि साठलेला गाळ पुढे सुटतो. औषध कारखान्यांत निर्जंतुक गाळणीसाठी ०.२ मायक्रॉनचं मेम्ब्रेन लागतं. ते ब्रेव्हंडिमोनास डिमिन्यूटा या चिमुकल्या जिवाणूवर पारखतात: दर चौरस सेंटिमीटरला एक कोटी जिवाणू सोडले, तरी पलीकडे एकही निघता कामा नये.

कार्बन फिल्टरचं तंत्र वेगळं. तो क्लोरीन आणि वास काढतो, पण क्लोरीन गेलं की पाण्याचा पहारेकरीही गेला आणि ओलसर कार्बनमध्ये जिवाणू आरामात वाढतात. आरओच्या आधी कार्बन लागतोच, कारण क्लोरीनने पॉलिअमाइडचं मेम्ब्रेन खराब होतं. आरओ नसेल तर कार्बननंतर जंतू मारणारा यूव्ही दिवा हवा, आणि धार चांगली असली तरी कार्बन उत्पादकाने दिलेल्या मुदतीत बदलायला हवा. इथे मात्र कॅलेंडर बघायचं, कारण कार्बन संपल्याचं कोणत्याही गेजवर दिसत नाही.