खबऱ्या वेगळा, माफीचा साक्षीदार वेगळा

पुण्यात 1976 च्या जोशी-अभ्यंकर खुनांचा, म्हणजे दोन घरांतल्या आठ जणांच्या हत्यांचा, विषय निघाला की चहा संपायच्या आत कुणीतरी हमखास म्हणतं, "त्यांच्यातलाच एक खबऱ्या निघाला म्हणून सापडले, नाहीतर कसले सापडतात!" बाकीचे माना डोलावतात. मीही बरीच वर्षं डोलावली. मग कधीतरी जुन्या खटल्यांचं वाचायची सवय लागली आणि लक्षात आलं की त्या प्रकरणात ज्याच्याबद्दल हे बोललं जातं तो खबऱ्या नव्हताच. तो माफीचा साक्षीदार होता. आपण दोघांनाही 'फुटलेला माणूस' या एकाच खणात टाकतो, पण पोलीस ठाण्यात आणि कोर्टात हे दोघे कधी एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

आधी खबऱ्या. पोलिसांच्या कागदात हा शब्द येत नाही. तिथे असतो 'गुप्त बातमीदार'. 'गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाल्याने सापळा रचला' हे वाक्य महाराष्ट्रातल्या किती फिर्यादींमध्ये आणि पंचनाम्यांमध्ये असेल याची मोजदाद नाही. त्या वाक्यात बातमीदाराला नाव नसतं, पत्ता नसतो, आणि पुढे खटल्यातही तो येत नाही. 1872 च्या साक्षीपुरावा कायद्यातलं कलम 125 त्याच्यासाठीच होतं: गुन्ह्याची बातमी कुठून मिळाली हे सांगायची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नाही. बचावाच्या वकिलाने कितीही खोदून विचारलं तरी नाही. खबऱ्याने सांगितलेलं हा पुरावा नव्हे. ती दिशा. अमक्या वाड्यात बघा, तमक्या माणसाला विचारा, एवढंच. त्या दिशेने जाऊन पोलिसांना जे सापडेल ते पुरावा.

आणि मुख्य म्हणजे खबऱ्याचा त्या गुन्ह्यात हात असावाच लागत नाही. त्याला कळलेलं असतं, बस्स. त्याच्या मोबदल्यात बक्षीस मिळतं, कधी पोलिसांची मेहेरनजर.

पुण्याच्या इतिहासातले सगळ्यांत बदनाम खबरे म्हणजे द्रविड बंधू. 22 जून 1897 च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून प्लेग कमिटीचा प्रमुख रँड गणेशखिंडीतून बग्गीने निघाला, 'गोंद्या आला रे' ही खूण झाली आणि गोळ्या सुटल्या. मागच्या बग्गीतला लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, रँड 3 जुलैला. सरकारने वीस हजार रुपयांचं बक्षीस लावलं. त्या काळचे वीस हजार! तरी महिनोन्‌महिने काही हाती लागेना. शेवटी गणेश शंकर द्रविड आणि त्याचा भाऊ रामचंद्र यांच्याकडून चाफेकरांचं नाव पोलिसांपर्यंत पोचलं. गणेश स्वतः तेव्हा एका वेगळ्याच गुन्ह्यात शिक्षा भोगत होता. दामोदर चाफेकर पकडला गेला आणि 18 एप्रिल 1898 रोजी येरवड्यात फासावर गेला.

आता इथे नीट बघा. द्रविड बंधूंवर रँडच्या खुनाचा आरोप नव्हता. गणेशखिंडीतल्या कटात ते आरोपी म्हणून उभे नव्हते, त्यामुळे त्या खुनाबद्दल त्यांना माफी देण्याचा प्रश्नच आला नाही. त्यांनी बातमी दिली आणि नाव बक्षिसाशी जोडलं गेलं. म्हणजे ते खबरेच. पण खबऱ्याला वाचवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे नाव बाहेर न येणं, आणि त्यांच्या बाबतीत तीच उरली नव्हती. फेब्रुवारी 1899 मध्ये धाकटा वासुदेव चाफेकर आणि महादेव रानडे वेष पालटून सदाशिव पेठेत त्यांच्या घरी गेले, 'पोलीस साहेबांनी बोलावलंय' म्हणून दोघांना बाहेर काढलं आणि गोळ्या घातल्या. खबऱ्याला ज्या नात्याचा आधार, त्याच नात्याच्या नावाने हाक मारून त्याला अंधारात आणलं. या निरोपातली योजकता मला आजही अंगावर काटा आणते, मग बाजू कुठलीही घ्या.

माफीच्या साक्षीदाराचं सगळं उलटं. त्याचे हात गुन्ह्यात बरबटलेले असावेच लागतात. गुन्ह्यात नसलेल्या माणसाला माफी कसली देणार? तो आधी आरोपी असतो किंवा आरोपी होण्याच्या उंबरठ्यावर असतो. गुन्हा मोठा असतो, पुरावा अपुरा असतो, आणि आतलं सांगणारं दुसरं कुणी नसतं, तेव्हा त्याच्यापुढे हा मार्ग ठेवला जातो: तुला माहीत आहे ते सगळं, स्वतःच्या सहभागासकट, खरं आणि काही न लपवता सांग, मग तुझ्यावर खटला चालणार नाही. हे वचन तपासी अंमलदार देऊ शकत नाही, ते न्यायालयच देतं. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत त्यासाठी 306 ते 308 ही कलमं होती, आता 2023 च्या नागरिक सुरक्षा संहितेत तीच तरतूद 343 पासून पुढे आहे. सिनेमात इन्स्पेक्टर टेबलावर हात आपटून 'तुला माफीचा साक्षीदार करतो' म्हणतो तेव्हा तो आपल्या अधिकारात नसलेली वस्तू विकत असतो.

दुसरा गैरसमज असा की माफी मिळाली की माणूस घरी गेला. तो आधीपासून जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत तुरुंगातच राहतो. आणि साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला, की त्याचं नाव, गाव, धंदा, त्याने स्वतः काय काय केलं, सगळं उघड्यावर. समोर आरोपींच्या पिंजऱ्यात कालपर्यंतचे सोबती. बचावाचे वकील उलटतपासणीत त्याची सालटी काढतात, कारण त्यांच्याकडे एक बिनतोड प्रश्न असतो: स्वतःचा गळा वाचवायला तू काय वाटेल ते बोलणार नाहीस कशावरून?

या प्रश्नाचं वजन किती असतं हे पाहायचं तर दिगंबर बडगेकडे यावं लागतं.

बडगे पुण्यात 'शस्त्र भांडार' चालवायचा. वरकरणी सुरे-जंबिये, मागून बंदुका आणि स्फोटकं. गांधीजींच्या हत्येच्या कटाला लागलेला बराच दारूगोळा त्याच्याकडून गेला. 20 जानेवारी 1948 ला दिल्लीत बिर्ला हाउसवर पहिला प्रयत्न झाला त्या दिवशी तो तिथे होता. बेत असा होता की गांधीजींच्या प्रार्थनेच्या जागेमागे नोकरांच्या खोल्या होत्या, त्यातल्या एकीच्या जाळीतून त्याने गोळी झाडायची. ऐनवेळी त्याचा धीर सुटला, तो त्या खोलीत शिरलाच नाही, आणि नंतर पुण्याला परतला. 30 जानेवारीला नथुराम गोडसेने गोळ्या झाडल्या तेव्हा बडगे दिल्लीत नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याला पुण्यात अटक झाली.

लाल किल्ल्यातला खटला मे 1948 अखेर उभा राहिला, आणि 21 जूनला बडगेला माफी मिळून तो माफीचा साक्षीदार झाला. कट कसा शिजला, कोण कुठे भेटलं, हत्यारं कशी हिंडली, याची सलग गोष्ट न्यायालयाला सांगणारा तो एकटा होता. न्यायाधीश आत्माचरण यांना तो साक्षीदार म्हणून खरा वाटला. पण त्याच्या साक्षीतला एक भाग सावरकरांबद्दल होता. दादरला सावरकर सदनात आपण खाली थांबलो, कटातले नारायण आपटे आणि गोडसे वर गेले, आणि परत जिना उतरताना 'यशस्वी होऊन या' हे सावरकरांचे शब्द आपण ऐकले, असं तो म्हणाला. या भागाला त्याच्या शब्दापलीकडे स्वतंत्र पुष्टी नव्हती. नुसत्या माफीच्या साक्षीदाराच्या शब्दावर निष्कर्ष काढणं न्यायाधीशांना सुरक्षित वाटलं नाही, आणि 10 फेब्रुवारी 1949 ला सावरकर निर्दोष सुटले. या निकालावर वाद घालणारे दोन्हीकडचे लोक बडगे खरा की खोटा यावर हमरीतुमरीवर येतात. न्यायालयापुढचा प्रश्न तेवढाच नव्हता. माणूस खरा वाटला तरी त्याच्या प्रत्येक महत्त्वाच्या विधानाला बाहेरचा आधार आहे का, हा दुसरा प्रश्न होता. पुढे 1957 साली सर्वोच्च न्यायालयाने सरवणसिंगच्या खटल्यात नेमकी हीच दुहेरी कसोटी शब्दांत मांडली: आधी साक्षीदार विश्वासार्ह हवा, मग त्याच्या साक्षीला पुष्टी हवी.

जुन्या साक्षीपुरावा कायद्यात याबद्दल गंमतच होती. कलम 133 म्हणायचं की गुन्ह्यातल्या साथीदाराच्या पुष्टी नसलेल्या साक्षीवर शिक्षा दिली तरी ती बेकायदा ठरत नाही. आणि कलम 114 चं एक उदाहरण म्हणायचं की असा साथीदार पुष्टीशिवाय भरवशाचा नाही असं न्यायालय धरू शकतं. न्यायालयांनी व्यवहारात दुसरं धरलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या साक्ष अधिनियमात कलम 138 मध्ये आता सरळ 'पुष्टी असलेली साक्ष' असा शब्दप्रयोग आला आहे.

बडगेच्या गोष्टीतला मला सगळ्यांत टोचणारा माणूस मात्र बडगे नाही. त्याचा नोकर शंकर किस्तय्या. मालकाने पिशवी उचल म्हटलं की उचलणारा, दिल्लीला चल म्हटलं की गाडीत बसणारा. मालकाने हत्यारं पुरवली आणि माफी मिळवली. नोकराला जन्मठेप झाली. जून 1949 मध्ये पंजाब उच्च न्यायालयाने अपिलात त्याला सोडलं तेव्हा कुठे ही उलटापालट सरळ झाली. माफी सगळ्यांत कमी दोषी माणसाला मिळते असं कायदा कुठेही म्हणत नाही. ती ज्याला जास्त माहीत असतं त्याला मिळते, आणि जास्त माहीत असणारा बहुतेक वेळा मधोमध बसलेला असतो.

राठी हत्याकांडात हेच अधिक बोचरं होऊन येतं. ऑगस्ट 1994 मध्ये पुण्यात एका घरातल्या सात जणांना मारलं. आरोपी तिघे, त्यातला एक माफीचा साक्षीदार झाला आणि त्याच्यावर खटला चालला नाही. उरलेल्या दोघांना 1998 साली फाशीची शिक्षा झाली. त्यातल्या एकाची शिक्षा 2016 मध्ये राष्ट्रपतींनी जन्मठेपेवर आणली. दुसरा गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये मान्य केलं आणि 28 वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढून तो सुटला. यात राष्ट्रपतींकडून मिळते तीही दयाच, तिलाही लोक 'माफी' म्हणतात, पण ती शिक्षा झाल्यानंतरची. साक्षीदाराची माफी खटल्याआधीची किंवा खटला चालू असतानाची, अटी घातलेली.

त्या अटी मोडल्या तर? माफीचा साक्षीदार कोर्टात फिरला, महत्त्वाचं काही लपवलं किंवा खोटं बोलला आणि सरकारी वकिलाने तसं प्रमाणपत्र दिलं, की माफी गळून पडते आणि मूळ गुन्ह्यासाठी तो परत आरोपीच्या पिंजऱ्यात. वर्तमानपत्रं ज्याला 'फितूर साक्षीदार' म्हणतात तो हा नव्हे. फितूर म्हणजे सरकारपक्षाने बोलावलेला, पोलिसांना एक सांगून कोर्टात दुसरंच बोलणारा कुठलाही साक्षीदार. बोलीत मात्र आपण खबऱ्या, माफीचा साक्षीदार आणि उलटलेला साक्षीदार या तिघांनाही खुशाल 'फितूर' म्हणतो, आणि शिवकाळापासून तो शब्द ज्या तिरस्काराने वापरतो तो तिरस्कार तिघांच्या वाट्याला सारखा जातो.

परत जोशी-अभ्यंकर. 31 ऑक्टोबर 1976 ला विजयनगर कॉलनीत जोशींच्या घरी तिघे आणि 1 डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरच्या 'स्मृती' बंगल्यात पाच जण मारले गेले. दिवेलागणीनंतर पुण्यात रस्ते ओस पडायला लागले. करणारे चौघे टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी: जक्कल, सुतार, जगताप, मुनव्वर शाह. पण त्यांचा पहिला बळी त्याआधीचा, जानेवारी 1976 मधला, त्यांच्याच कॉलेजातला प्रकाश हेगडे. त्याचं प्रेत लोखंडी पिंपात घालून सारसबागेशेजारी पेशवे पार्कच्या तळ्यात बुडवलेलं होतं. त्या रात्रीच्या गोष्टीत आणखी एक वर्गमित्र सामील होता. तोच पुढे माफीचा साक्षीदार झाला. हेगडेचं काय झालं हे न्यायालयात आतून सांगायला तो लागला, कारण जोशी आणि अभ्यंकर यांच्या घरांत निदान प्रेतं समोर होती. हेगडेचं तर प्रेतही तळ्यात लपलेलं होतं. सप्टेंबर 1978 मध्ये चौघांना फाशीची शिक्षा झाली आणि 27 नोव्हेंबर 1983 ला येरवड्यात ती अमलात आली.

मग चौघं मुळात सापडले कसे? मार्च 1977 मध्ये अनिल गोखलेचा खून झाला आणि त्याचं प्रेत लोखंडी शिडीला बांधलेलं नदीत मिळालं. बांधायला नायलॉनची दोरी होती. तशीच दोरी पोलिसांनी आधी जोशींच्या घरात पाहिली होती. मग या पोरांना बोलावून वेगवेगळं बसवलं, त्या दिवशी कुठे होतात हे विचारलं, आणि एकाचं सांगणं दुसऱ्याशी जुळेना.