मोबदला घेतला म्हणून भरपाई बुडत नाही

“नॉमिनी कशाला? मी मरणार आहे का?”

समोर बसलेला पोरगा जेमतेम पंचविशीचा. औषधाच्या चाचणीसाठी दोन रात्री राहायचं, एक गोळी घ्यायची, सांगतील तेव्हा रक्त द्यायचं आणि जाताना नऊ हजार घेऊन जायचं, एवढं त्याला मित्राकडून कळलं होतं. संमतीपत्राच्या शेवटच्या पानावर नॉमिनीचं नाव, पत्ता, नातं असे रकाने दिसले आणि पेन थांबलं. कोऑर्डिनेटर घाईत होती. “अहो, ते पैशांचं असतं, सगळेच भरतात.” त्याचा चेहरा निवळला. “म्हणजे माझे नऊ हजार घरी कुणाला द्यायचे ते?” तिने मान डोलावली. त्याने बहिणीचं नाव लिहिलं.

माणसांवरच्या औषधचाचण्या तपासून मंजूर करणारी एथिक्स कमिटी असते, तिचा सदस्य म्हणून मी त्या खोलीत पाहणीला गेलो होतो. डॉक्टर नाही, वकील नाही. कमिटीत एक साधा माणूस लागतो, तो मी. जन्मभर मराठी शिकवलं, म्हणून मराठी कागद माझ्याकडे येतात. घरी येऊन तो फॉर्म पुन्हा काढला. मूळ इंग्रजीत दोन ठिकाणी ‘कॉम्पेन्सेशन’ होतं, मराठीत दोन्हीकडे ‘मोबदला’. कमिटीने तो मंजूर केला होता, आणि मंजुरीवर माझीही सही होती.

तर हे दोन पैसे. एक असतो भाग घेण्याचा मोबदला, दुसरी असते इजा झाली तर मिळणारी भरपाई. दोन्ही एकाच फॉर्मवर असतात आणि शेवटी एकाच कंपनीच्या खिशातून निघतात. बाकी त्यांच्यात काहीही सारखं नाही.

मोबदला बहुतेक वेळा निरोगी माणसाला मिळतो. आपल्याकडे त्याचा मोठा वाटा ‘बीई स्टडी’त असतो. नव्या जेनेरिक गोळीतलं औषध रक्तात मूळ गोळीइतकंच आणि तितक्याच वेगाने उतरतं का, हे बघायचं. त्यासाठी रुग्ण लागत नाही, धडधाकट माणूस लागतो. आदल्या रात्री दाखल व्हायचं, उपाशी राहायचं, सकाळी हाताला कॅन्युला म्हणजे रक्त काढायची नळी, मोजून पाणी, गोळी गिळल्यावर तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची आणि मग घड्याळ लावून रक्त. काही दिवसांनी हेच सगळं दुसऱ्या गोळीने. फेज १ ट्रायल, म्हणजे माणसांवरच्या चाचणीचा पहिला टप्पा, हीही बहुधा निरोगी माणसांवरच होते, पण तिथलं औषध नवं असतं. कधी कधी तर माणसाच्या शरीरात ते पहिल्यांदाच जात असतं. व्हॉलंटियर दोन्हींना ‘स्टडी’च म्हणतात. मिळणाऱ्या पैशांवरूनही दोन्हींतला फरक कळेलच असं नाही.

रुग्णांवरच्या पुढच्या टप्प्यांच्या ट्रायलमध्ये मोबदला सहसा नसतो. एसटीचं किंवा रिक्षाचं भाडं, फार तर बुडालेला रोज.

हे पैसे कशाचे? नियम करणाऱ्यांचं उत्तर ठरलेलं आहे: वेळेचे आणि गैरसोयीचे. धोक्याचे नाहीत. धोक्याप्रमाणे दर लावला तर ज्याला पैशांची सर्वांत जास्त नड आहे तोच सर्वांत धोक्याच्या ट्रायलला येणार. म्हणून रक्कम एथिक्स कमिटीपुढे ठेवावी लागते आणि ती इतकी मोठी नसावी की माणसाने धोक्याकडे डोळेझाक करावी. मला या युक्तिवादाचा अर्धाच भाग पटतो. रक्कम कमी ठेवल्याने नडलेला माणूस येणं बंद होत नाही, तो फक्त कमी पैशांत येतो. पण रक्कम कशी दिली जाते याला खरंच अर्थ आहे. ‘पूर्ण केलं तरच सगळे पैसे’ असं चालत नाही. जितके दिवस थांबला त्या हिशोबाने द्यायचे. स्टडीमुळेच त्रास झाला म्हणून डॉक्टरांनीच बाहेर काढलं, तर पूर्ण द्यायचे. ही अट नसेल तर रात्री दोनला छातीत धडधडणारा माणूस तोंड मिटून पडून राहील.

पैशांपायी माणूस आणखी एक गोष्ट लपवतो. एका स्टडीनंतर दुसरीत जायला साधारण तीन महिन्यांचं अंतर हवं. ते रक्त भरून यावं आणि आधीचं औषध शरीरातून निघून जावं म्हणून. पण पुढच्या शहरातली दुसरी संस्था पहिलीची वही बघतेच असं नाही. फ्रान्सने यावर राष्ट्रीय नोंदवही ठेवली आणि वर्षभरात एका व्हॉलंटियरला मिळणाऱ्या रकमेवर मर्यादा घातली. २०१६ मध्ये ती ४,५०० युरो होती. २०१६ मुद्दाम सांगतोय, त्याकडे येतोच.

आता भरपाई. ही कुणाच्या मर्जीवर नाही. ‘न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स, २०१९’ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते बीई स्टडीलाही लागू आहे. मोबदला घेतला होता का, किती घेतला होता, हा प्रश्न त्यात कुठेच येत नाही. फुकट भाग घेणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला ती आहे, नऊ हजार घेणाऱ्या पोरालाही आहे. “पैसे घेऊन सही केली होती ना, मग आता काय?” असं कुणी म्हणालं तर ते नियमाला धरून नाही. हक्क सोडून दिल्याचं वाक्य संमतीपत्रात घालताच येत नाही.

आधी उपचार. इजा झाली की मोफत उपचार लगेच सुरू व्हायला हवेत. ते गरज असेपर्यंत, किंवा इजेचा ट्रायलशी संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंत चालतात. दोन्हींतलं जे आधी होईल ते. म्हणजे ‘आधी सिद्ध करा, मग बेड देतो’ हे उलटं झालं.

मग पैसे. मृत्यू झाला तर रकमेचं सूत्र ठरलेलं आहे: आठ लाख रुपये गुणिले वयाचा गुणांक गुणिले जोखमीचा गुणांक, भागिले ९९.३७. वयाचे गुणांक कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यातून उचलले आहेत. वय लहान तेवढा गुणांक मोठा. पासष्टीनंतर तो ९९.३७. जोखमीचा गुणांक अर्ध्यापासून चारपर्यंत. सहा महिन्यांपेक्षा जास्त जगण्याची आशा नसलेल्या रुग्णाला अर्धा, निरोगी व्हॉलंटियरला चार. तीस दिवसांत दगावण्याची शक्यता ९० टक्के किंवा जास्त असेल तर सूत्र बाजूला ठेवून सरसकट दोन लाख.

आमच्या पंचविशीच्या पोराचा हिशोब मी कागदावर मांडला. वयाचा गुणांक २१६.९१. आठ लाख गुणिले २१६.९१ गुणिले चार, भागिले ९९.३७. उत्तर आलं सुमारे ७० लाख. बहिणीचं नाव त्याने ज्या रकान्यात लिहिलं तो रकाना या आकड्यासाठी होता, आणि त्याला वाटलं नऊ हजारांसाठी.

त्याच पानावर वार्षिक उत्पन्नही विचारतात. सूत्रात मात्र उत्पन्न कुठेच नाही. रिक्षावाला आणि इंजिनिअर, वय आणि प्रकृती सारखी असेल तर रक्कम सारखीच. मला सूत्रातली ही गोष्ट मनापासून आवडते. मूळ आठ लाख मात्र २०१३ पासून तेच आहेत, आणि २०१३ नंतर बाजारात कशाचे भाव तिथेच राहिले ते सांगा.

भरपाईतला खरा झगडा रकमेचा नसतोच, संबंधाचा असतो. ट्रायल चालू असताना मेला आणि ट्रायलमुळे मेला, यांतलं अंतर कोण मोजणार? इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेलेल्या प्रकरणात सरकारने दिलेली आकडेवारी गाजली होती: जानेवारी २००५ ते जून २०१२ या काळात ट्रायलदरम्यान २,६४४ मृत्यू, पैकी ट्रायलमुळे झालेले म्हणून धरलेले ८०. यावरून उरलेले सगळे दडपले असं म्हणता येत नाही. कॅन्सरच्या किंवा हृदयविकाराच्या ट्रायलमध्ये माणसं मूळ आजारानेही जातातच. पण तेव्हा हा निवाडा बराचसा डॉक्टर आणि कंपनी यांच्या कागदांवर चाले. जानेवारी २०१३ मध्ये भरपाईचा नियम आला तो याच वादळात. आता संबंध कशाकशात धरायचा याची यादीच आहे. औषधाचा दुष्परिणाम तर आहेच, शिवाय प्रोटोकॉल, म्हणजे ट्रायलचा ठरलेला आराखडा, मोडला किंवा हलगर्जी झाली, ट्रायलमधल्या एखाद्या प्रक्रियेने इजा झाली, नेहमीचा उपचार उपलब्ध असून दिला नाही, आणि आई किंवा वडिलांच्या सहभागामुळे पोटातल्या बाळाला बाधा झाली, हेही त्यात आहे.

मुदतीही बांधलेल्या आहेत. गंभीर घटना घडली की ट्रायलच्या डॉक्टरने २४ तासांत केंद्रीय औषध नियंत्रक, कंपनी आणि एथिक्स कमिटीला कळवायचं. चौदा दिवसांत सविस्तर अहवाल, तीस दिवसांत कमिटीचं मत, नव्वद दिवसांत नियंत्रकाचा निर्णय. भरपाईचा आदेश निघाला की तीस दिवसांत कंपनीने पैसे द्यायचे.

इतकं सगळं कशासाठी, हे कळायला परदेशातल्या दोन सकाळी पुरेशा आहेत.

१३ मार्च २००६, लंडन, नॉर्थविक पार्क रुग्णालयातलं एक खाजगी ट्रायल केंद्र. टीजीएन१४१२ हे प्रतिकारशक्तीवर काम करणारं औषध माणसात पहिल्यांदाच जात होतं. आठ निरोगी पुरुष, सहा जणांना औषध, दोघांना नुसतं प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं इंजेक्शन. प्रत्येकाला सुमारे दोन हजार पौंड. माकडांत निर्धोक ठरलेल्या डोसाचा पाचशेवा हिस्सा दिला होता, तरीही घात झाला, कारण ज्या पेशींवर औषधाचा मारा होता त्या माकडांत माणसासारख्या वागत नाहीत. सगळ्यांना दहा-दहा मिनिटांच्या अंतराने टोचलं. पहिल्याचं काय होतं ते बघायला कुणी थांबलं नाही. तासा-दीड तासात डोकेदुखी, थंडी, उलट्या, आणि मग एकेक अवयव बंद पडायला लागला. सहाही जण वाचले, पण एकाला हातापायाची बोटं गमवावी लागली. औषध बनवणारी टीजेनेरो ही छोटी जर्मन कंपनी त्याच वर्षी जुलैमध्ये दिवाळखोरीत गेली. विमा होता वीस लाख पौंडांचा. दोन हजार पौंड ठरलेले होते, ते देणं सोपं होतं. भरपाई कुणाकडून आणि किती, हा प्रश्न दिवाळं निघाल्यावर उभा राहिला. तेव्हापासून आमच्याकडे फाइल आली की मी विम्याचा कागद आधी उघडतो. औषधाचं शास्त्र मला कळत नाही, विम्याची रक्कम आणि तारीख कळते.

दुसरी सकाळ ११ जानेवारी २०१६ची, फ्रान्समधल्या रेन शहरातली. बीआयए १०-२४७४ नावाच्या औषधाची फेज १, मोबदला १,९०० युरो. रोज गोळी घेणाऱ्या गटातला एक जण आदल्या संध्याकाळी रुग्णालयात हलवला गेला होता. सकाळी उरलेल्या पाच जणांना नेहमीसारखी गोळी दिली. आपला सोबती इस्पितळात आहे, तुम्हाला पुढे जायचंय का, असं त्यांना विचारलं नाही. इस्पितळात हलवलेला तो माणूस १७ जानेवारीला गेला. सरकारी चौकशीने नेमकं याच न विचारण्यावर बोट ठेवलं. पैसे ठरले आणि सही झाली म्हणजे माणूस चार दिवसांसाठी विकत घेतला, असा समज तिथेही नकळत मुरला असावा असं मला वाटतं.

अशा सकाळी फार थोड्या, हेही तितकंच खरं. फायझरने निरोगी व्हॉलंटियरांवर केलेल्या ३९४ फेज १ ट्रायलचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. अकरा हजारांहून जास्त माणसांत गंभीर घटना ०.३१ टक्के, मृत्यू एकही नाही. म्हणूनच मोबदला हा रोजचा विषय होतो आणि भरपाई कुणाच्या डोक्यातही येत नाही. ज्या केंद्रात वर्षानुवर्षं काही घडलेलं नाही, तिथली कोऑर्डिनेटर ‘पैशांचं असतं’ असं म्हणून पुढच्या माणसाला हाक मारते. तिला दोष देऊन काय करू?

पुढच्या मीटिंगला मी भाषांतराचा मुद्दा काढला. फार्माकॉलॉजीचे सर म्हणाले, दोन्ही पैसेच आहेत, एवढं काय. वकीलबाई माझ्या बाजूने बोलल्या. आता आमच्या फॉर्मवर दोन मथळे आहेत: ‘सहभागाचा मोबदला’ आणि ‘इजा किंवा मृत्यू झाल्यास भरपाई’. नॉमिनीचा रकाना दुसऱ्याखाली हलवला आहे. त्याखाली एक ओळ वाढवली: वर लिहिलेला मोबदला घेतला तरी ही भरपाई मिळते.

परवा कोऑर्डिनेटरचा फोन आला होता. नवा फॉर्म वाचून दोघे जण सही न करता उठून गेले म्हणे.