फ्युत्युर प्रॉश म्हणजे आपलं 'णार आहे': आमच्या फ्रेंच क्लासच्या विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी

नवीन बॅच सुरू झाली की दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हमखास पालकांचे फोन येतात, की मुलगा म्हणतो फ्रेंचमधे भविष्यकाळ दोन-दोन आहेत, आता कसं करायचं, म्हणून हे पत्रक. टेन्शन घेऊ नका. पहिला जो भविष्यकाळ आपण शिकवतो, फ्युत्युर प्रॉश, तो मराठी माणसाला खरं तर सगळ्यात सोपा जायला हवा कारण तो आपल्या तोंडात आधीपासून आहे. 'मी जेवेन' आणि 'मी जेवणार आहे' यात जो फरक आपल्याला कुणी न शिकवता कळतो ना, साधारण तोच फरक.

बनवायचा कसा, तर आले (म्हणजे जाणं) या क्रियापदाचा वर्तमानकाळ घ्यायचा आणि पुढे जे काम करायचंय त्याचं मूळ रूप जसंच्या तसं ठेवायचं. स्पेलिंग वहीत आहेतच, इथे मुद्दाम उच्चार देवनागरीत देतोय म्हणजे आधी कानात बसेल: ज व्हे, त्यु व्हा, इल व्हा, एल व्हा, ऑं व्हा, नूझालों, वूझाले, इल व्हों, एल व्हों. 'ज' टेलिव्हिजनमधल्या 'ज'सारखा, आणि नूझालोंमधला झ आपल्या झाडातला, तो नू आणि आलों जोडून म्हटल्यामुळे येतो, सुटं सुटं म्हणू नका. व्ह म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत, आपला मराठी व तिथे चालत नाही.

मग ज व्हे माँझे, मी जेवणार आहे. नूझालों पार्ले, आम्ही बोलणार आहोत. इल व्हा प्लव्ह्वार, पाऊस पडणार आहे. माँझे, पार्ले, प्लव्ह्वार यांना हात लावायचा नाही, कर्ता कुणीही असो. बोर्डवर लिहायला उभं केलं की दहातली सहा-सात मुलं दुसरं क्रियापदही बदलून टाकतात, 'ज व्हे माँज' लिहितात, कारण आधीचे दोन महिने आपणच त्यांना ज आला की माँज लिही असं घोकवलेलं असतं, तेव्हा यात मुलांना रागावू नका.

दुसरी चूक खास आपली. 'जेवायला जातो' डोक्यात असतं म्हणून मधे 'आ' घालतात, ज व्हे आ माँझे. तो 'आ' नकोच. तिसरी, 'जेवणार आहे' मधल्या 'आहे'साठी स्वी शोधत बसतात. तेही नको, 'णार' आणि 'आहे' दोन्हीचं काम एकटं व्हे करतं. आणि जाणारच असाल तर आले दोनदा येतं, ज व्हे आले ओ मार्शे, मी बाजारात जाणार आहे. मुलांना हे चुकीचं वाटतं आणि एक आले खोडतात, पण बरोबर आहे ते, खोडू नका.

नकार करताना न आणि पा हे फक्त व्हे-व्हा भोवती बसतात, ज न व्हे पा माँझे. माँझेच्या नंतर पा लावू नका. बोलताना फ्रेंच लोक तो न सर्रास गाळतात, ज व्हे पा माँझे एवढंच ऐकू येतं, पण पेपरमधे न लिहायचाच.

स लव्हे म्हणजे उठणं, अशी स वाली क्रियापदं आली की जरा थांबा. डिक्शनरीत स आहे म्हणून सगळीकडे स ठेवला की मार्क गेले. ज व्हे म लव्हे, त्यु व्हा त लव्हे, नूझालों नू लव्हे, तो छोटा शब्द कर्त्याप्रमाणे बदलतो आणि दोन क्रियापदांच्या मधे बसतो. तसंच 'ते मी करणार आहे' हे ज व्हे ल फेर, ल मधे.

आता नावाबद्दल. प्रॉश म्हणजे जवळचा, पण म्हणून पाच मिनिटांत होणारंच पाहिजे असं नाही. पुढच्या वर्षी लियोंला शिकायला जाणार असाल आणि ठरलेलं असेल तर बोलताना हेच वापरतात. 'कधीतरी पॅरिसला जाईन' असं नुसतं मनात असेल तर जिरे आ पारी, तो दुसरा भविष्यकाळ, फ्युत्युर सँप्ल, पुढच्या लेव्हलला. मात्र एका ठिकाणी मराठी फसवते. लहान मूल कठड्यावर चढलं की आपण 'पडशील!' म्हणतो, 'पडणार आहेस' नाही म्हणत. फ्रेंच आई मात्र ओरडते, आतांसियों, त्यु व्हा तोंबे! कारण तिला ते समोर घडताना दिसतंय. हे एक वाक्य घरी दहा वेळा खऱ्या आवाजात म्हणून बघा, आम्हाला तरी पूर्ण धड्यापेक्षा यानेच जास्त फरक पडलेला दिसलाय.

आणि ज्यांचं एवढं पक्कं झालंय त्यांच्यासाठी, 'णार होतो' सुद्धा इथेच मिळतं. आलेचा अपूर्ण भूतकाळ (अँपार्फे) घ्या, जाले पार्तीर, मी निघणारच होतो. 'मी निघणारच होतो तेवढ्यात फोन वाजला' हे पूर्ण वाक्य फ्रेंचमधे नेमकं असंच उभं राहतं. किती सुंदर बसतं बघा.

डेल्फची (फ्रेंचची अधिकृत परीक्षा) ए वन ही सुरुवातीची पातळी देणाऱ्यांनी हे तोंडी परीक्षेसाठी तयार ठेवा, वीकेंडला काय करणार, सुट्टीत कुठे जाणार असं विचारलं तर उत्तर यातच द्यायचंय. 100 पैकी 50 ला पास असलं तरी चारही भागांत 25 पैकी किमान 5 लागतात, त्यामुळे बोलणं सोडून नुसतं लिहिण्यावर भर देऊ नका.

शनिवारी येताना 'उद्या मी काय काय करणार' यावर पाच वाक्यं वहीत लिहून आणा, त्यात एक पा वालं आणि एक म लव्हे सारखं हवंच. पालकांना फ्रेंच येत नसेल तरी चालेल, फक्त वाक्यातलं दुसरं क्रियापद डिक्शनरीत आहे तसंच लिहिलंय का तेवढं तपासा, बाकी आम्ही बघतो.