श्रमसंस्कार शिबीर आणि गावचं पाणी

श्रमसंस्कार शिबीर म्हणजे कॉलेजच्या एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं, सात दिवसांचं निवासी शिबीर. कॉलेज एक गाव दत्तक घेतं, पन्नासेक पोरं-पोरी जिल्हा परिषदेच्या शाळेत नाहीतर देवळाच्या सभामंडपात मुक्काम करतात, सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री गावासमोर सांस्कृतिक कार्यक्रम. एनएसएस २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं, शिबीर त्याशिवाय. महाराष्ट्रातल्या शिबिरांत पाण्याचं काम बहुतेक वेळा असतंच, ही नोंद त्याबद्दल.

सगळ्यात ओळखीचं काम वनराई बंधारा. सिमेंटची रिकामी पोती माती-वाळूने भरायची, तोंड सुतळीने शिवायचं आणि ओढ्यात आडवी रचायची, वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही. मोहन धारियांच्या वनराई संस्थेमुळे हे नाव रूढ झालं. खर्च जवळपास नाहीच, पण बंधारा एका हंगामापुरता, पुढच्या पुरात वाहून जातो. खरी अडचण वेळेची आहे. तो पाऊस संपल्या संपल्या, ओढा वाहता असतानाच घालावा लागतो आणि शिबिरं भरतात परीक्षा आटपल्यावर डिसेंबर-जानेवारीत, तोवर बऱ्याच ओढ्यांत अडवायला पाणीच उरलेलं नसतं, बंधारा मात्र बांधला जातो आणि त्याच्यासमोर फोटोही निघतो. हे टाळता येतं. २४० तासांतला एखादा रविवार ऑक्टोबरात काढला तर तेवढ्याच पोत्यांत गुरांना आणि रब्बीला पाणी राहतं.

हिवाळ्यात करण्यासारखं काम म्हणजे डोंगरउतारावर आडवे, एकाच उंचीवर खणलेले सलग समतल चर, ज्यांना सगळे सीसीटीच म्हणतात. ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल चराच्या एका मीटरमध्ये १८० लिटर पाणी मावतं, आणि तो पावसाळ्यात कितीतरी वेळा भरतो आणि जिरतो. फक्त चर अगदी एका पातळीत पाहिजे, नाहीतर पाणी एका टोकाला पळतं आणि बांध फोडतं. त्यासाठी लाकडाची ए-फ्रेम, म्हणजे इंग्रजी A च्या आकाराची चौकट, आणि ओळंबा पुरतो, पोरं तासाभरात शिकतात. काम माथ्यापासून पायथ्याकडे न्यायचं, उलटं केलं तर खालचे बंधारे गाळाने भरतात.

पण विद्यार्थ्यांचा सगळ्यात मोठा उपयोग कुदळ-फावड्यात नाही, मोजण्यात आहे. खोदाई जेसीबी एका दिवसात करतो, पण गावातल्या प्रत्येक विहिरीला टेप सोडून पातळी लिहायला कोणाला वेळ नसतो. राज्याचा बहुतेक भाग बेसाल्ट खडकाचा, पाणी साठतं ते वरच्या मुरुमात आणि भेगांत, म्हणजे साठा मुळातच थोडा, त्यामुळे कुठे किती आहे हे माहीत असणं फार मोलाचं. एका हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १० हजार लिटर. १००० हेक्टरच्या गावात ५०० मिमी पडला तर ५०० कोटी लिटर, त्यातलं किती वाहून गेलं, किती जिरलं, ऊस किती पितो, ज्वारी किती, हा ताळेबंद ग्रामसभेत मांडला की चर्चा एकदम जमिनीवर येते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात पीक ठरवण्याआधी असाच हिशोब होतो.

शिबिराबाहेरही तरुण या कामात उतरले. पाणी फाउंडेशनची गावागावांतली जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या ३ तालुक्यांत सुरू झाली, २०१८ पर्यंत ७५ तालुक्यांत पोचली, आणि १ मे २०१८ ला शहरातली पोरं जलमित्र म्हणून खेड्यांत श्रमदानाला गेली. गावकरी मात्र उन्हात ४५ दिवस खपत होते, एका दिवसाचं कौतुक करताना हे विसरू नये.

पिण्याच्या पाण्याकडे शिबिरांत कमी लक्ष जातं ही मोठी उणीव आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाणी निर्जंतुक करायला टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो, पण पिशवी उघडी राहिली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो, तेव्हा रोज सकाळी गावाच्या शेवटच्या नळावर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का याची चाचणी, घेऊन पाणी पिवळं होतं का बघणं हे दोन विद्यार्थ्यांना सहज जमणारं काम आहे. नळाजवळचं डबकं शोषखड्ड्याने जातं, पण तो काळ्या मातीत नीट जिरत नाही आणि विहीर-बोअरपासून लांबच घ्यावा लागतो.