कापीव दगड

कापीव दगड : करवतीच्या पात्याने, चकतीने किंवा तारेने कापल्यामुळे ज्याचे दर्शनी पृष्ठ तयार झाले आहे आणि कापणीनंतर ज्यावर घोटाई, झिलई किंवा टाकीकाम केलेले नाही, असा बांधकामाचा नैसर्गिक दगड. पाथरवटाने छिन्नी-हातोड्याने सपाट केलेला ताशीव किंवा घडीव दगड यापासून निराळा मानावा लागतो. हेमाडपंती देवळांच्या भिंतींतील चुन्याविना बसणारे दगड कितीही काटेकोर असले तरी ते ताशीव आहेत, कापीव नव्हेत. बाजारातील ‘मशीन कट’ ही संज्ञाही जपून घ्यावी लागते. शहाबादी, तांदूर किंवा कोटा फरशीच्या बाबतीत तिचा अर्थ बहुधा एवढाच असतो, की कडा यंत्राने काटकोनात कापल्या आहेत. वरचे पृष्ठ दगडाच्या थरांवरून सुटे झालेले, म्हणजे नैसर्गिकच असते.

कापणीचे तत्त्व : दगड करवत कापत नाही, करवतीखाली फिरणारा कठीण कण कापतो. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी याने हे नेमके नोंदवले आहे : कापते ती वाळू, लोखंड कापते असा केवळ भास होतो. त्याने वेगवेगळ्या प्रदेशांतील वाळूंची तुलना केली असून इथिओपियाची वाळू उत्तम ठरवली आहे. भारतातील वाळूचाही तो उल्लेख करतो, मात्र ती त्या तोडीची मानत नाही. खनिजांचा कठीणपणा १ ते १० अंकांत सांगणाऱ्या मोस काठिण्यश्रेणीवर संगमरवरातील कॅल्साइट ३ आणि वाळूतील क्वार्ट्झ ७ असल्यामुळे साध्या वाळूने संगमरवर सहज कापला जातो. ग्रॅनाइटमध्ये मात्र क्वार्ट्झच असल्याने वाळू आणि दगड एकमेकांना जवळपास सारख्याच वेगाने झिजवतात आणि काम फार हळू चालते. ते वेगाने व्हायचे तर कुरुंदासारखा ९ काठिण्याचा किंवा हिऱ्यासारखा १० काठिण्याचा कण लागतो. कण सुटा असावा की पात्यात पक्का बसवलेला, हा या विद्येतील मूळ भेद आहे आणि प्राचीन कापणीविषयीचा मुख्य वादही त्याच्याशीच निगडित आहे.

उगम : सर्वांत जुन्या खात्रीलायक करवत-खुणा ईजिप्तच्या प्राचीन राज्यातील आहेत. गिझा येथे खुफूच्या पिरॅमिडलगतच्या मंदिरातील बेसॉल्टची फरसबंदी आणि पिरॅमिडमधील ग्रॅनाइटची शवपेटी यांवर अशा खुणा दिसतात. त्यांचा काळ स्थूलमानाने इ. स. पू. २६०० च्या आसपासचा धरला जातो. शवपेटीवर तर करवत चुकीच्या दिशेने खोल गेल्यावर कारागिरांनी ती मागे घेऊन पुन्हा कापायला सुरुवात केल्याची जागाही ओळखता येते. १८८०–८२ मध्ये गिझाची मोजणी करणारे पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांचे मत असे होते, की तांब्या-काशाच्या पात्यांत कठीण रत्नांचे दात बसवलेले असावेत, कारण एरवी खुणा इतक्या खोल आणि सलग उमटल्या नसत्या. अ‍ॅल्फ्रेड ल्यूकस या रसायनतज्ज्ञांनी याला हरकत घेऊन सुट्या अपघर्षक (घासून झिजवणाऱ्या) चूर्णाचा पक्ष मांडला. पुढे डेनिस स्टॉक्स यांनी तांब्याची बिनदाती पाती आणि वाळू यांच्या साहाय्याने ग्रॅनाइट प्रत्यक्ष कापून दाखवला. रत्नजडित दातांचे एकही पाते आजवर हाती लागलेले नाही आणि सुट्या कणांनीही समांतर चरे उमटतात हे प्रयोगांतून दिसले आहे. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. वाळू कोरडी वापरत की ओली, याबद्दल मात्र प्रयोगकर्त्यांत एकमत नाही.

इमारतीला पातळ कापीव पाट्यांचे आवरण देण्याची प्रथा प्लिनी आजच्या तुर्कस्तानातील कॅरिया या प्रदेशाचा राजा मॉसोलसच्या (मृत्यू इ. स. पू. ३५३) हॅलिकार्नासस येथील प्रासादापर्यंत मागे नेतो. विटांच्या भिंतींवर प्रोकोनेसस बेटाचा संगमरवर लावलेली ती वास्तू त्याला ठाऊक असलेली सर्वांत जुनी होती आणि ही कला कॅरियातच निघाली असावी असा त्याचा तर्क आहे. ईजिप्तमधील पुरावा पाहता कापणीच्या कलेला हा तर्क लागू करता येत नाही. भिंतीवरील आवरणापुरताच तो विचारात घेणे इष्ट. रोममध्ये घराच्या सगळ्या भिंती संगमरवराने मढवणारा पहिला मनुष्य म्हणून प्लिनी सीझरच्या सैन्यातील अधिकारी मामुर्रा याचे नाव देतो.

पाण्याच्या बळावर चालणाऱ्या करवतीचा काळ दीर्घकाळ विवाद्य होता. इ. स. ३७१ च्या सुमारास ऑसोनियस या कवीने मोझेल नदीवरील काव्यात तिच्या एका उपनदीकाठी संगमरवरातून किंचाळत जाणाऱ्या करवतींचे वर्णन केले आहे. तंत्रेतिहासकार लिन व्हाइट यांनी या साक्षीच्या अस्सलपणाबद्दल शंका घेतली, कारण असे यंत्र रोमन काळात असणे त्यांना असंभाव्य वाटत होते. तुर्कस्तानातील हिएरापोलिस येथील एका शवपेटीच्या झाकणावरील शिल्पाने ही शंका बरीचशी निकालात काढली. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातील मानल्या जाणाऱ्या या शिल्पात पाणचक्कीला भुजा आणि दांडे जोडून दोन चौकटी-करवती चालवलेल्या दिसतात. चक्राकार गतीचे सरळ मागे-पुढे गतीत रूपांतर करणाऱ्या यंत्रणेचे हे ज्ञात असलेले सर्वांत जुने चित्रण होय. जॉर्डनमधील गेरासा आणि तुर्कस्तानातील एफेसस येथे साधारण सहाव्या-सातव्या शतकांतील दगड-करवतींच्या जागा उत्खननात मिळाल्या असून गेरासा येथे अर्धवट कापलेले स्तंभखंडही सापडले आहेत.

भारतात हडप्पा संस्कृतीतील शंखजिऱ्याच्या मुद्रा व मणी कापून घडवत, पण ते काम लहान मापाचे होते. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये पाचर, सुतकी (पाथरवटाचा जड हातोडा) आणि छिन्नी यांचेच राज्य राहिले. पातळ पाट्यांचे मोठे काम मकराण्याच्या संगमरवरात दिसते. सतराव्या शतकातील ताजमहालात विटांच्या गाभ्यावर हा दगड बसवलेला आहे. मकराणा संगमरवराला २०१९ मध्ये जागतिक वारसा-दगड म्हणून भूवैज्ञानिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता मिळाली.

यंत्रे व पृष्ठावरील खुणा : कापीव पृष्ठ वाचता येते, हा त्याचा मोठा गुण. अनेक पोलादी पाती एकाच चौकटीत ताणून बसवलेल्या गँगसॉखाली ग्रॅनाइटचा ठोकळा तासाला केवळ काही सेंटीमीटर या गतीने कापला जातो. पात्यांवर पाणी, चुना आणि पोलादी छर्रे यांचे मिश्रण सतत सोडले जाते. चुन्यामुळे मिश्रण दाट राहते आणि लोखंड गंजण्यास आळा बसतो. येथे कण सुटा असल्याने पृष्ठावर समांतर, किंचित खडबडीत रेषा येतात आणि रंध्रांत अडकलेल्या छर्ऱ्यांमुळे पुढे तांबूस डाग पडू शकतात. फिकट ग्रॅनाइट दर्शनी भिंतीसाठी निवडताना हा दोष आधीच तपासायला हवा. हिराजडित चकतीच्या खुणा कमानीसारख्या वक्र असतात. एकाच त्रिज्येचे हे अर्धवट कंस तिरप्या उन्हात स्पष्ट दिसतात. हिरेमण्यांच्या तारेने कापलेल्या पृष्ठावर लांब, मंद लाटा उमटतात. कृत्रिम हिऱ्याच्या निर्मितीची घोषणा १९५५ मध्ये झाली. त्यानंतर हिराजडित हत्यारे आवाक्यात आली आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून इटलीतील कारारा येथील खाणींत हिऱ्याची तार रूढ होत गेली. ईजिप्तच्या संदर्भात पेट्री यांनी कल्पिलेले पक्क्या दातांचे पाते अशा रीतीने फार उशिरा प्रत्यक्षात आले.

कापल्याबरोबर दगड फिका, राखट दिसतो. सूक्ष्म खाचांमुळे प्रकाश सर्व दिशांना विखुरला जातो आणि खनिजांचा खरा रंग झाकला जातो. पाण्याने खाचा भरताच तो रंग उघडा पडतो. म्हणूनच दगड विकणारे पाटीवर पाणी शिंपडून गिऱ्हाइकाला दाखवतात. ओल्या पाटीचा गडद रंग पाहून कापीव पृष्ठ निवडणाऱ्याची फसगत होते, कारण तो रंग केवळ घोटाई-झिलईनेच टिकतो. निवड नेहमी कोरड्या पाटीवरून करावी. पायऱ्या, अंगण, विहिरीचा काठ अशा ओल्या जागी मात्र कापीव पृष्ठाचा हा खरखरीतपणाच उपयोगी पडतो. अधिक पकड हवी असल्यास ग्रॅनाइटवर ज्योत फिरवतात. ५७३° से. ला क्वार्ट्झची स्फटिकरचना बदलून तो एकाएकी प्रसरण पावतो व वरचा पापुद्रा उडतो. असे पृष्ठ पुढे कापीव राहत नाही.

चिरा : कोकण व गोव्यातील जांभ्याच्या चौकोनी ठोकळ्याला चिरा म्हणतात. हा शब्द ‘चिरणे’ या क्रियापदाशी जोडला जातो आणि ते संभाव्य आहे. पण घाटावरील काळ्या दगडाच्या वाड्यालाही ‘चिरेबंदी’ म्हणतात, त्यामुळे ‘घडलेला चौकोनी दगड’ हाच जुना अर्थ असावा आणि करवतीशी त्याचा संबंध नंतरचा असावा. फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारातील अंगाडिपुरम येथे हा दगड पाहून १८०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात त्याला विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटराइट’ हे नाव दिले. तो खाणीत लोखंडी हत्याराने सहज कापता येण्याइतका मऊ असतो व उघड्यावर आल्यानंतर कठीण होतो, हे त्याने नोंदवले आहे. हाताने काढलेल्या चिऱ्यावर हत्याराचे आखूड, तिरपे घाव दिसतात. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांपासून रत्नागिरी-सिंधुदुर्गातील चिरेखाणींत रुळांवरून सरकणाऱ्या चकत्या आल्या. यंत्राचा चिरा मापात एकसारखा असल्याने सांधा बारीक येतो, गिलावा लागत नाही आणि लाल, पिवळ्या, जांभळट छटा तसेच नळकांडीसारखी रंध्रे भिंतीवर उघडी राहतात. त्याच उघड्या रंध्रांत कोकणचा पाऊस मुरतो आणि शेवाळ धरते. म्हणून पागोळी भिंतीपासून दूर पडेल इतका रुंद वळचणीचा पुढावा आणि पायथ्याशी काळ्या दगडाचे जोते असल्याखेरीज बिनगिलाव्याची भिंत ठेवू नये.

धूळ व गाळ : क्वार्ट्झयुक्त दगड कोरडा कापल्यास उडणाऱ्या सूक्ष्म सिलिका-धुळीने फुप्फुसांचा सिलिकोसिस हा बरा न होणारा विकार जडतो. पाणी सोडत केलेल्या कापणीने धूळ बरीच बसते, परंतु साइटवर हातकटरने पाटी कापताना पाणी अनेकदा वापरले जात नाही आणि धोका सर्वांत जास्त तेथेच असतो. ओल्या कापणीतून निघणारा गाळ वाळला की पुन्हा धूळच होते. राजस्थानातील किशनगढ येथे संगमरवराच्या अशा गाळाचे पांढरेशुभ्र मैदान तयार झाले असून ते पाहण्यासाठी व छायाचित्रे काढण्यासाठी लोक तेथे जातात.