सरळ दस्ता की पिस्तूल ग्रिप? बारा बोअरच्या बंदुकीचे मुठीशास्त्र

कुऱ्हाड आणि करवत ही दोन्ही लाकूड कापण्याचीच हत्यारे असली, तरी त्यांच्या मुठी एकमेकींसारख्या नसतात. कुऱ्हाडीचा दांडा लांब आणि बहुधा सरळ असतो, कारण घाव घालताना एक हात त्यावरून सरकत खाली यावा लागतो. करवतीची मूठ मात्र पात्याला आडवी असते, कारण तेथे हाताने एकाच जागी घट्ट बसून पुढे-मागे जोर लावायचा असतो. शॉटगनच्या, म्हणजे छर्ऱ्याच्या बंदुकीच्या, दस्त्याचे दोन मुख्य प्रकार, म्हणजे जुना सरळ दस्ता आणि पिस्तुलासारखी खाली वळलेली मूठ (पिस्तूल ग्रिप), यांच्यातला फरक नेमका याच जातीचा आहे. कोणता चांगला, या प्रश्नावर नेमबाजांत तावातावाने वाद होतात, पण त्यांतले बरेचसे दिसण्याचे आणि सवयीचे असतात. बंदूक उडताना शरीरात काय घडते याकडे पाहिले, तर उत्तर बरेच सोपे होते.

आपल्याकडे छर्ऱ्याची बंदूक म्हटले की जत्रेतली फुगे फोडायची हवेची बंदूक डोळ्यांपुढे येते. येथे विषय आहे तो काडतुसाच्या बारा बोअर बंदुकीचा. एक पौंड शिशाचे 12 सारखे गोळे केले, तर त्यांतला एक गोळा जिच्यात नेमका बसेल ती नळी बारा बोअरची, म्हणजे सुमारे 18.5 मिलिमीटर व्यासाची. या नळीतून एका गोळीऐवजी शेकडो बारीक छर्रे बाहेर पडतात. बंदूक खांद्याला टेकवण्याचा जो मागचा भाग असतो तो दस्ता, आणि चापाच्या लगेच मागे दस्त्याचा जो बारीक भाग हाताच्या मुठीत येतो त्याच्या आकाराबद्दल हा सगळा वाद आहे.

आधी धक्क्याचा हिशेब करू. नेहमीच्या काडतुसात 28 ग्रॅम छर्रे असतात आणि ते सेकंदाला साधारण 400 मीटर वेगाने नळीबाहेर पडतात. त्यांच्यामागची प्लॅस्टिकची डाट आणि जळलेल्या दारूचा वायू यांचाही संवेग धरला, तर एकूण संवेग 13 किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास जातो. संवेग अक्षय्यतेच्या नियमानुसार तेवढाच संवेग उलट दिशेने बंदुकीला मिळतो, बंदूक 3.3 किलोग्रॅमची असेल, तर ती सेकंदाला सुमारे 4 मीटर वेगाने मागे येऊ पाहते. हीच बंदूक 80 सेंटिमीटर उंचीवरून खाली सोडली, तर जमिनीवर आदळताना तिचा वेग एवढाच असेल. या गणितात मुठीचा आकार कोठेच येत नाही. काडतूस आणि बंदुकीचे वजन ठरले की धक्क्याचे माप ठरले. पिस्तूल ग्रिपने धक्का कमी होतो असे कोणी ठामपणे सांगू लागला, तर त्याचा अर्थ एवढाच घ्यावा की धक्का त्याला कमी जाणवतो.

जाणवणे मात्र खोटे नसते, आणि मुठीचे खरे काम तेथेच आहे. धक्का नळीच्या रेषेत मागे येतो, पण खांदा त्या रेषेच्या थोडा खाली असतो, कारण डोळा नळीच्या वर आणायचा तर दस्ता खाली उतरवावाच लागतो. बल एका रेषेत आणि आधार तिच्या खाली, अशी मांडणी झाली की वस्तू फिरते. म्हणून बार उडाल्यावर नळीचे तोंड वर उचलले जाते. दस्ता जितका अधिक उतरता, तितकी ही उचल मोठी आणि गालावर बसणारा फटकाही मोठा. एकावर एक नळ्या असलेल्या बंदुकीत आधी खालची नळी उडवण्याचा प्रघात याच कारणामुळे पडला: ती खांद्याच्या रेषेला जवळची असते, त्यामुळे तोंड कमी उचलले जाते आणि दुसऱ्या बारासाठी बंदूक लवकर ताळ्यावर येते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. छर्रे नळीतून बाहेर पडायला सुमारे 3 मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात बंदूक जेमतेम 6 ते 7 मिलिमीटर मागे सरकलेली असते. माणसाची प्रतिक्रिया यायला मात्र सेकंदाचा पाचवा-सातवा हिस्सा तरी जातो. म्हणजे धक्का मेंदूपर्यंत पोहोचतो तेव्हा छर्रे केव्हाच निघून गेलेले असतात, आणि मूठ कितीही घट्ट आवळली तरी पहिल्या बाराच्या बाबतीत त्याचा विशेष उपयोग नसतो. उपयोग असतो तो दुसऱ्या बारासाठी. आणि त्याहून अधिक, शंभराव्या बाराला हात आधीच दचकू नये यासाठी.

आता मनगटाकडे येऊ. एक साधा प्रयोग करून पाहा. मनगट सरळ ठेवून मूठ आवळा. मग मनगट आतल्या बाजूला जाईल तेवढे वाकवून पुन्हा आवळा. दुसऱ्या वेळी बोटांत बळच राहत नाही, कारण बोटे मिटवणारे स्नायू हातात, कोपराच्या बाजूला असतात आणि मनगट वाकल्यावर ते आधीच आखूड झालेले असल्यामुळे त्यांना ओढायला जागा उरत नाही. करंगळीच्या दिशेला मनगट फार कलले तरी पकड अशीच सैल होते. आपण सहज धरलेली काठी हाताच्या रेषेला बरीचशी आडवी असते. तलवार समोर रोखावी तशी ती हाताच्याच रेषेत आणायची, तर मनगट करंगळीकडे ओढावे लागते. सरळ दस्ता नळीच्याच रेषेत असल्यामुळे कोपर खाली ठेवून तो धरला, तर मनगटाची अगदी अशीच गत होते.

जुन्या नेमबाजांनी यावर उपाय शोधला होता, तो कोपर उचलण्याचा. कोपर खांद्याच्या उंचीपर्यंत वर आले की हात बाजूने येतो, दस्ता त्याला आडवा पडतो आणि मनगट मोकळे होते. शिवाय खांद्याशी एक खळगा तयार होतो आणि दस्त्याचे टोक त्यात नीट बसते. सरळ दस्त्याची बंदूक धरलेला माणूस पंख उचलल्यासारखा दिसतो, तो काही ऐट म्हणून नव्हे. पिस्तूल ग्रिपमध्ये कोपर खाली राहिले तरी मनगट सरळ असते आणि हाताला दस्ता मागे ओढून खांद्याशी दाबून धरता येतो. दोन्ही पद्धती आपापल्या जागी सुसंगत आहेत. गोंधळ होतो तो एका पद्धतीची बंदूक दुसऱ्या पद्धतीने धरल्यामुळे.

मग सरळ दस्ता मुळात आला कोठून? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये हाकाऱ्यांनी उठवलेले पक्षी डोक्यावरून उडत येत असताना टिपण्याची शिकार जोरात होती, आणि लंडन व बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी दुनळी बंदूक त्या खेळासाठी घडवली. तिच्या नळ्या शेजारी-शेजारी होत्या आणि प्रत्येक नळीला स्वतंत्र चाप होता, एक पुढे आणि एक मागे. पुढचा चाप ओढून झाला की मागच्या चापावर जाण्यासाठी पूर्ण हात थोडा मागे सरकावा लागे. सरळ मुठीवर तो कुऱ्हाडीच्या दांड्यावरून सरकावा तसा सरकतो. वळणदार मुठीत तो अडतो. सरळ दस्त्याची बाजू घेणारे लोक चपळता, समतोल, दोन्ही हात एका रेषेत असणे असे अनेक गुण सांगतात आणि त्यांत तथ्यही आहे, पण माझ्या मते त्याचे सर्वांत भक्कम कारण दोन चाप हेच होते. एकाच चापाची भरवशाची यंत्रणा पक्की झाली, 1931 साली ब्राउनिंगची एकावर एक नळ्यांची सुपरपोज्ड बंदूक बाजारात आली, आणि पुढे अशा बंदुका सर्वत्र पसरल्यावर त्या कारणाचा जोर ओसरला.

लाकडाचाही या गोष्टीत वाटा आहे. दस्त्यासाठी अक्रोडाचे लाकूड पसंत केले जाते. आपल्याकडे श्रीनगरच्या जुन्या बंदूक कारखान्यांतही तेच वापरतात. मूठ हा दस्त्याचा सर्वांत बारीक, म्हणून सर्वांत नाजूक भाग. सरळ मुठीत लाकडाचे धागे या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग राहतात. वळणदार मुठीत ते कोठेतरी तिरपे कापले जातात, म्हणून फळी निवडतानाच सुताराला कस लावावा लागतो. प्लॅस्टिकच्या दस्त्यांनी ही अडचण मिटवली आणि मुठीला हवा तो आकार देणे शक्य झाले.

दोन्हींच्या मधली एक मूठ असते, अर्धवट वळलेली आणि टोकाला गोल केलेली. तिला ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ म्हणतात. मुंबईकरांना हे नाव ऐकून म्युझियम आठवेल, पण त्याचा आणि हिचा संबंध फक्त त्या पदापुरता आहे.

आजच्या खेळाकडे पाहिले तर पारडे बरेचसे एका बाजूला झुकलेले दिसते. ऑलिंपिकमधल्या ट्रॅप प्रकारात, म्हणजे यंत्राने समोर दूर फेकलेल्या मातीच्या थाळ्या फोडण्याच्या खेळात, थाळीची हाक देण्याआधीच बंदूक खांद्याला लावलेली चालते, पात्रता फेरीत 125 थाळ्या असतात आणि तेथे प्रत्येक थाळीला दोन बार मिळतात. काडतुसात 24.5 ग्रॅमपेक्षा अधिक छर्रे भरता येत नाहीत, बंदूकही जड असते, तरी एवढ्या बारांचा थकवा मनगटात साठत जातो. भारतीय नेमबाज कर्णी सिंह यांचे 1962 सालच्या कैरो येथील जागतिक स्पर्धेतले रौप्यपदक ट्रॅपमधले, आणि राज्यवर्धन सिंह राठोड यांचे 2004 सालचे अथेन्स ऑलिंपिकचे रौप्यपदक डबल ट्रॅपमधले, म्हणजे एका वेळी दोन थाळ्या सुटतात त्या प्रकारातले. अशा खेळात बंदूक आधीच जागेवर बसलेली असते, हात सरकवायचा नसतो, त्यामुळे पिस्तूल ग्रिप घेण्यात शहाणपण आहे. स्कीटमध्ये, म्हणजे थाळ्या दोन बाजूंनी आडव्या उडत येतात त्या प्रकारात, थाळी दिसेपर्यंत दस्ता जॅकेटवरच्या खुणेच्या रेषेखाली ठेवावा लागतो, तेव्हा तेथे तरी सरळ दस्ता हवा असे वाटेल. पण चाप एकच असल्यामुळे तेथेही वळणदार मूठच वापरतात, फक्त तिचे वळण खेळाडू आपल्या हाताप्रमाणे निवडतो.

नुसत्या मुठीकडे पाहणाऱ्यांच्या हातून मात्र एक मोठी गोष्ट निसटते. शॉटगनला मागची माशी, म्हणजे नेम धरण्यासाठी डोळ्याजवळ असणारी खूण, नसते. डोळा हीच मागची माशी. डोळ्यापासून नळीच्या तोंडापर्यंत सुमारे एक मीटर अंतर धरले, तर गाल दस्त्यावर 3 मिलिमीटर वर किंवा खाली बसल्याने 36 मीटरवर नेम जवळजवळ 11 सेंटिमीटर हलतो, आणि थाळीचा व्यास असतो 11 सेंटिमीटर. म्हणून दस्त्याच्या वरच्या कडेची उंची, त्याची लांबी आणि त्याचा बाजूचा कल यांचा विचार मुठीच्या आधी करावा. मुठीचा हिशेब त्यात येतो तो असा की पिस्तूल ग्रिपमध्ये हाताची जागा ठरून जाते. बोटे आखूड असतील तर चाप लांब पडतो, आणि सरळ मुठीत मात्र हात पुढे-मागे करून जमवून घेता येते.

पोलिसी आणि लष्करी वापराच्या बंदुकांत हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. अमेरिकी मरीन सैनिकांच्या बेनेली एम 4 बंदुकीला स्वतंत्र पिस्तूल ग्रिप आणि मागे-पुढे होणारा दस्ता असतो. जाड चिलखती जाकिटावर दस्ता आखूड लागतो आणि कोपर अंगालगत राहते, तेव्हा ही मांडणी योग्यच. पण तीच मूठ कोणत्याही बंदुकीला बसवली की काम झाले असे नसते. मॉसबर्ग 500 चा सेफ्टीचा खटका वरच्या बाजूला, अंगठ्याखाली असतो. साध्या दस्त्यावर तो सहज सरकतो, पण स्वतंत्र पिस्तूल ग्रिप लावली की अंगठा तेथे पोहोचवण्यासाठी पकड सोडावी लागते. रेमिंग्टन 870 चा खटका चापाच्या मागे आडवा असल्यामुळे तेथे ही अडचण येत नाही.

आणि ज्या बंदुकांना मागे दस्ताच नसतो, नुसती पिस्तूल ग्रिप असते, त्या सिनेमात शोभतात. अडीच किलोग्रॅमच्या अशा बंदुकीत 28 ग्रॅमचे काडतूस उडाले, तर ती सेकंदाला पाच मीटरहून अधिक वेगाने मागे येते आणि तिला थांबवायला खांदा नसतो, सगळे मनगटावर येते. गालाला टेकू नाही म्हणून डोळ्याची जागाही ठरत नाही, आणि डोळा हीच मागची माशी असलेल्या हत्यारात ती ठरली नाही तर नेम उरतो तो अंदाजाचा.

दस्ता मापात बसवणारे कारागीर म्हणूनच मुठीपासून सुरुवात करत नाहीत. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून ते नेमबाजाला डोळे मिटून ती खांद्याला लावायला सांगतात आणि मग डोळे उघडायला सांगतात. नजर नळीच्या रेषेत आली आहे की नाही हे आधी बघतात, कोपर आपोआप किती उंचीवर गेले आहे ते त्यानंतर, आणि मुठीचे वळण किती ठेवायचे ते त्या कोपरावरून ठरवतात.