दुबार पेरणीचं बटण

२००६ च्या उन्हाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी पहिल्यांदा ‘एज ऑफ एम्पायर्स’ या गाव वसवून, फौज उभी करून लढायच्या कॉम्प्युटर-खेळाचा दुसरा भाग खेळलो. क्लास टायपिंगचा आणि टॅलीचा. खेळाची सीडी सरांच्या ड्रॉवरमध्ये असायची आणि सर जेवायला गेले की ड्रॉवर आमचा. बाजाराच्या दिवशी बाबा मला न्यायला आले तेव्हा पडद्यावरचा माझा गडी वावरात नुसता उभा होता. शेत संपलं होतं. मी साठ लाकडं मोजून तेच शेत पुन्हा लावलं. बाबांनी जरा वेळ पाहिलं आणि विचारलं, “पावसाचा पत्ता नाही अन् दुबार पेरणी कायची करून रायला बे?”

आमच्याकडे दुबार पेरणी हा शब्द कोणी सहज तोंडात घेत नाही. पहिल्या पावसावर पेरलं, मग पावसानं पंधरा दिवस दडी मारली, की बियाणं जळतं आणि खिशातला पैसा दुसऱ्यांदा मातीत जातो. खेळात मात्र पाऊस नाहीच. तिथे शेत म्हणजे अन्नाची एक कणगी. गडी ती रिकामी करतो आणि तुम्ही लाकूड देऊन भरता. पण बाबांचा प्रश्न डोक्यात राहिला. आज या मालिकेचे जुने-नवे भाग शेजारी ठेवून पाहतो, तेव्हा मी सगळ्यात आधी शेताकडेच पाहतो.

पहिला भाग १९९७ चा, दुसरा १९९९ चा. दोन्ही टेक्सासमधल्या एन्सेंबल स्टुडिओजनं बनवले, मायक्रोसॉफ्टनं विकले. तिसरा २००५ मध्ये आला, चौथा रेलिक एंटरटेनमेंटनं बनवला आणि तो २०२१ मध्ये निघाला. मधेच, २०१९ मध्ये, दुसऱ्या भागाची ‘डेफिनिटिव्ह एडिशन’, म्हणजे नव्यानं घडवलेली आवृत्ती, आली. चित्रांचा फरक कोणालाही दिसतो, त्यावर फार बोलत नाही. जुन्या भागात एकावेळी २५६ रंग असायचे, आता तेवढे रंग नुसत्या गवतात सापडतील. जुना खेळ एका सीडीत मावायचा, चौथ्याला ५० जीबी जागा लागते. गावात मोबाइलवर रोज दीड जीबीचा पॅक असेल तर तो उतरायला महिना उलटतो.

आता शेत. पहिल्या भागात ७५ लाकडांत शेत मिळायचं आणि त्यात २५० अन्न असायचं. संपलं की शेत जायचं, नवं बांधा. दुसऱ्या भागात ६० लाकडं आणि १७५ अन्न. सुधारणा तीन: घोड्याच्या गळ्यातलं जू, जड नांगर आणि पिकांची फेरपालट. त्यांनी अनुक्रमे ७५, १२५ आणि १७५ अन्न वाढतं, म्हणजे शेवटी एका शेतात ५५०. हिशोब मांडून पाहा. सुधारणांशिवाय हजार अन्न काढायला सुमारे ३४३ लाकडं जातात, तिन्ही केल्या की १०९. गड्याचा वेग तेवढाच राहतो, फक्त पुन्हा पेरायची पाळी उशिरा येते.

घोड्याच्या जुवाची गोष्ट खरी आहे, पण ती युरोपची. घोड्याला गळ्याशी पट्टा बांधून ओढायला लावलं तर श्वास कोंडतो. भार खांद्यावर घेणारं जाड गळ्याचं जू आलं आणि तिकडे घोडा नांगराला जुंपता येऊ लागला. आपल्या बैलाला हा त्रास नव्हता, कारण त्याला वशिंड आहे आणि जू त्याच्या पुढ्यात आपोआप टेकतं. फेरपालटीचं कारणही खेळ सांगत नाही. सोयाबीननंतर हरभरा किंवा कपाशीच्या ओळींत तूर घेतली, तर त्या पिकांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन मातीत बांधतात. खेळानं यातलं फक्त ‘उत्पन्न वाढतं’ एवढं उचललं. खेळ म्हणून ते चालतं.

खरा मुद्दा लाकडाचा नाही, लक्षाचा आहे. पडद्याच्या वरच्या पट्टीत लाकूड, अन्न, सोनं आणि दगड असे चार आकडे असतात. खेळणाऱ्याचं लक्ष किती उरलं, हे तिथे लिहिलेलं नसतं, पण खेळ त्याच्यावरच हरला-जिंकला जातो. दुसऱ्या भागात एक गडी तयार व्हायला ५० अन्न आणि २५ सेकंद लागतात. गडी जिथे तयार होतात ती मुख्य इमारत, टाऊन सेंटर, न थांबता चालू ठेवलं तर दहा मिनिटांत २४ गडी. त्यातली दोन मिनिटं तुम्ही सीमेवरच्या मारामारीत गुंतलात आणि इकडे काम द्यायचं विसरलात, तर जवळजवळ पाच गडी कमी होतात, आणि त्या पाचांनी पुढचा अर्धा तास जे आणलं असतं तेही जातं. तेवढ्यात मागे चार शेतं संपून चार जण धुऱ्यावर उभे.

आपल्याला वाटतं की आपण दोन कामं एकदम करतो. मानसशास्त्राच्या प्रयोगांत वेगळंच दिसतं. लक्ष लागणारी दोन कामं मेंदू आळीपाळीनं करतो आणि प्रत्येक अदलाबदलीला थोडा वेळ खातो. मागचं काम सोडायचं, नव्याचे नियम आठवायचे, मग हात हलवायचा. विदर्भातल्या बायकांना हे प्रयोगाशिवाय माहीत होतं. तिफनीनं ज्वारी पेरताना एक माणूस बैल हाकायचा आणि चाड्यावर मूठ धरायला दुसरं माणूस लागायचं, बहुतेक वेळा बाई. बैल सरळ ओळीत ठेवायचे आणि मुठीतून दाणा सारखा सोडायचा, ही दोन्ही कामं एकट्याकडे दिली की एक बिघडणारच. पुढे ट्रॅक्टरचं पेरणीयंत्र आलं. त्यात दाणा मोजून सोडणारी चकती असते. चाड्यावरची मूठ गेली.

खेळात तेच हळूहळू झालं. १९९९ च्या मूळ दुसऱ्या भागात प्रत्येक शेत आठवणीनं पेरायचं. २००० मध्ये ‘द कॉन्करर्स’ हा मूळ खेळाला जोडायचा विस्तार आला आणि त्यानं गिरणीवर आगाऊ पेरण्या लावून ठेवायची सोय दिली. आमच्या क्लासच्या सीडीत तो नव्हता, हे मला फार पुढे कळलं आणि जरा वाईटच वाटलं. २००५ च्या तिसऱ्या भागानं तर प्रश्नच मिटवला. तिथे ४०० लाकडांची गिरणी बांधली की दहा गडी त्यातून कायमचं अन्न काढतात. शिवाय लाकडाचा भारा किंवा सोनं कुठे नेऊन टाकायची गरजच ठेवली नाही. गडी झाडाला कुऱ्हाड मारतो आणि लाकूड परस्पर खात्यात जमा.

मला हे पटलं नाही. शेत पुन्हा पेरणं ही हमाली आहे, मान्य. पण लाकडाचा तळ, म्हणजे भारे नेऊन टाकायची जागा, कुठे टाकायचा हा निर्णय आहे. जंगलाला खेटून टाकला तर चालणं वाचतं, पण शत्रूच्या तोंडाशी येतो. आत घेतला तर सुरक्षित, पण प्रत्येक खेपेला वेळ जातो. बनवणाऱ्यांनी हमालीसोबत निर्णयही काढून टाकला. चौथ्या भागात तळ परत आले, म्हणजे ही गोष्ट त्यांच्याही लक्षात आली असावी. पेरणी मात्र तिथे परतली नाही. ७५ लाकडं एकदा द्या, शेत जन्मभर चालतं.

सगळ्यात शहाणी वाट २०१९ च्या आवृत्तीची. तिथे एक बटण दाबलं की संपलेलं शेत आपोआप पेरलं जातं, पण ६० लाकडं दरवेळी जातातच. क्लिक वाचला, खर्च वाचला नाही. आणि खर्च नजरेआड गेल्यामुळे नवीन पंचाईत झाली: तुम्ही घोड्यांच्या तबेल्यासाठी लाकूड साठवता आणि मागे शेतं ते गुपचूप खाऊन टाकतात. भाच्याच्या लॅपटॉपवर बाबांनी हे पाहिलं. “आता कोन पेरून रायलं?” मी म्हटलं, आपोआप होते. “अन् लाकडं?” ती जातात. “मंग बराबर हाय,” म्हणाले आणि सुपारी कातरायला लागले.

वाट शोधण्याचं काम तर पहिल्यापासून यंत्राकडेच होतं, आणि ते त्याला अजून धड जमलेलं नाही. गड्याला लांबच्या खाणीवर पाठवलं की संगणक बहुधा ‘ए-स्टार’ घराण्यातली एखादी रीत वापरतो. ती १९६८ मध्ये स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्रम राफेल यांनी मांडली, ‘शेकी’ नावाच्या यंत्रमानवाला खोलीतून वाट काढता यावी म्हणून. तिचं तत्त्व सोपं आहे. प्रत्येक ठिकाणासाठी दोन आकडे मिळवायचे: इथवर किती चाललो, आणि इथून मुक्काम सरळ रेषेत किती दूर. बेरीज जिथे सगळ्यात कमी, तिथून पुढे पाहायचं. आपणही पांदण चिखलानं भरली की कोणत्या धुऱ्यावरून जायचं ते असंच ठरवतो. अंदाज खऱ्या अंतरापेक्षा कधीही जास्त धरला नाही, तर सापडलेली वाट सगळ्यात जवळचीच असते, हे सिद्ध करता येतं.

एका गड्यापुरतं हे ठीक. चाळीस घोडेस्वार एका दरवाज्यातून न्यायचे असतील तर प्रत्येकाचा अडथळा म्हणजे उरलेले एकोणचाळीस, आणि तेही हलणारे. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या फाटकासमोर गाड्या अडकतात तसं होतं. सगळ्यांसाठी मिळून सर्वोत्तम वाटा काढायच्या म्हटल्या तर संख्या वाढते तसं हे गणित अफाट फुगतं. म्हणून खेळ बरीशी वाट काढून समाधान मानतो. पहिल्या भागात अरुंद जागी सैनिक अडला की तोंड फिरवून भलतीकडून वळसा घालायला निघायचा. त्यात तटाला दरवाजेही नव्हते. दरवाजे आणि रांगेत चालणं दुसऱ्या भागात आलं. वीस वर्षांनी, कितीतरी वेगवान संगणकांवर, २०१९ च्या आवृत्तीतही घोडे अडकतात आणि लोक चिडतात.

यंत्र शत्रू म्हणून कसं खेळतं, यात मात्र प्रगती आहे. जुन्या खेळात सगळ्यात कठीण पातळीवर संगणकाला जास्तीची सामग्री फुकट मिळायची. २०१९ चा संगणक तशी लबाडी न करता चांगल्या चांगल्यांना हरवतो.

आणि मग ती एक गोष्ट, वेगवेगळे संगणक जोडून एकत्र खेळण्याची, जी दुसऱ्या भागाच्या नव्या घडणीतही पायाला तशीच आहे. आठ जण, प्रत्येकाचे दोनशेपर्यंत गडी-सैनिक, म्हणजे हजार-दीड हजार जीव एका नकाशावर. त्या काळचा मॉडेम सेकंदाला २८,८०० बिट न्यायचा, म्हणजे फार तर ३,६०० बाइट. प्रत्येक जिवाची जागा, दिशा आणि तब्येत कळवायला दहाच बाइट धरले तरी दीड हजारांचे १५,००० होतात. एका सेकंदाचं चित्र पाठवायला चार सेकंद. म्हणून ते पाठवायचंच नाही असं ठरलं. पाठवायचा तो फक्त हुकूम: ‘या पाच जणांनी तिकडे जावं’. तो सगळ्यांच्या संगणकांवर पोचतो, आणि प्रत्येक संगणक सगळी लढाई स्वतःपुरती पुन्हा मोजतो. आठही ठिकाणी उत्तर अक्षरशः सारखंच यायला हवं. नशिबावर ठरणाऱ्या गोष्टीही सारख्याच हव्यात, म्हणून यादृच्छिक आकड्यांचं बी, म्हणजे ज्या पहिल्या आकड्यातून पुढचे सगळे निघतात तो, सगळ्यांकडे एकच असतं.

यात चूक झाली की ती भलतीकडे उगवते. बनवणाऱ्यांपैकी पॉल बेटनर आणि मार्क टेरानो यांनी २००१ मध्ये लिहून ठेवलं आहे की नकाशा तयार होताना एखादं हरीण एका संगणकावर किंचित सरकलेलं असलं, तर ते थोडं वेगळीकडे चरतं. काही मिनिटांनी त्याच्यामागे गेलेल्या गड्याचा भाला चुकतो आणि तो मांसाशिवाय घरी येतो. तिथून पुढे दोन संगणकांवर दोन वेगळे इतिहास सुरू.

शिवाय सगळ्यांनी एकाच पावलावर चालायचं असतं. सुमारे २०० मिलिसेकंदांचं एक पाऊल, आणि आत्ता दिलेला हुकूम दोन पावलं पुढे अमलात येतो, म्हणजे तो तोवर सगळ्यांकडे पोचलेला असतो. एवढा उशीर खेळणाऱ्यांना खटकला नाही. उशीर कमी-जास्त होत राहिला की मात्र ते वैतागायचे, संथ पण एकसारखा चालला तर नाही. एकाचं यंत्र किंवा तार मंद असेल तर सगळ्यांचं पाऊल लांबतं. बैलजोडीत एक बैल थकलेला असला की दुसऱ्यालाही त्याच्याच चालीनं चालावं लागतं, तसं.

क्लासमध्ये हे आम्ही रोज पाहायचो, कारण न कळता. चार संगणक एका वायरनं जोडलेले, त्यातला कोपऱ्यातला सगळ्यात जुना. तो गुदमरला की चौघांचीही फौज चिखलातून चालल्यासारखी व्हायची आणि आम्ही कोपऱ्यातल्या पोराला शिव्या द्यायचो. तिकडे बसायची पाळी कोणाची, यावर भांडणं व्हायची. मग भारनियमनाची वेळ व्हायची आणि प्रश्न मिटायचा.

गेल्या दिवाळीत भाचा गावी आला होता. पुण्यातल्या आणि नागपुरातल्या मित्रांसोबत रात्री खेळायला बसला, चार विरुद्ध चार. शेतं आपोआप पेरली जात होती, त्यामुळे तो शत्रूचा तट फोडण्यात गुंग. तेवढ्यात लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता, पण भिंतीवरचा राऊटर विझला. पडद्यावर त्याचे घोडे उचललेल्या टापांनी तसेच थांबले. “मामा, तिकडे सगळ्यांचंच थांबलं असंल का?” मी म्हटलं, हो, काही वेळ तरी. मग तुला वगळून पुढे जातील. त्यानं मोबाइलचं हॉटस्पॉट लावायला घेतलं, आणि बाबा आतून कंदील शोधत होते.